डब्यांवरची रबरं

शोभा,

आज रविवार आहे आणि मी स्वयंपाकघराची तपासणी केलेली नाही. सकाळपासून तीनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. तुला जाऊन चोवीस दिवस झाले. वर्षा काल पुण्याला गेली. जाताना फ्रिजवर तीन दिवसांच्या भाज्यांची यादी चिकटवून गेली, सोमवार मेथी, मंगळवार दोडका, बुधवार मूग. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोरगी अगदी बापावर गेली.

दहाव्याला आणि तेराव्याला लोक तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलले. सोसायटीतल्या बायका तर रडल्याच. त्यातली एक मला म्हणाली, "भाऊ, वहिनींचं किचन म्हणजे काय सांगू, एक चमचा इकडचा तिकडे नाही." मी मान हलवली. ते किचन तुझं नव्हतं, माझं होतं, हे मी तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हणून हे तुला लिहितो आहे. समोर असतीस तर माझ्या पहिल्याच वाक्याला तू म्हणाली असतीस, "जाऊ द्या हो, चहा टाकते." आणि मी जाऊ दिलं असतं. आयुष्यभर मी तुझ्या बाबतीत सगळं असंच जाऊ दिलं, कारण तू चहा टाकायचीस.

सुरुवात कुठून झाली ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. अंबडच्या कंपनीत मी एकतीस वर्षं क्वालिटीत होतो. शाफ्टवर केसाएवढा फरक असला तरी माझ्या हाताखालून सुटत नसे, आणि ही गोष्ट मी घरी येऊन तुला इतक्या वेळा सांगितली आहे की पुढचं वाक्य तू माझ्याआधी म्हणायचीस. मग रिटायर झालो. पहिला महिना नातेवाइकांकडे जाण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात मी खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसलो आणि तुझं काम बघू लागलो. कंपनीत नवीन लाइन सुरू झाली की आम्ही तसेच बसायचो, वही घेऊन. तू चार दिवस काही बोलली नाहीस. पाचव्या दिवशी कणीक मळता मळता म्हणालीस, "काय करी ऱ्हायनात तुम्ही?" तुझी अहिराणी बाहेर आली की समजायचं, पारा चढला. नाहीतर इंदिरानगरात राहून राहून तू माझ्यापेक्षा शुद्ध बोलायला लागली होतीस.

मी म्हणालो, "तू एका पोळीसाठी सात वेळा वळतेस. जागा चुकीच्या आहेत सगळ्या."

"बत्तीस वर्षं वळतेय. पडले का कधी?"

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण माझ्या हाताला काम नव्हतं, शोभा. रिकामा माणूस किती वाईट असतो हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटत होतं मी तुझे कष्ट कमी करतोय.

मी तुझे डबे काढले. काय एकेक नग होते ते! मीठ लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत, तिचा कान तुटलेला. साखर तुझ्या आईच्या पितळी डब्यात, एका बाजूला मोठा पोचा. चहा बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात. हळद एका बुटक्या बाटलीत, तिखट उंच बाटलीत, शेंगदाण्याचं कूट वर्षाच्या शाळेच्या डब्यात. दोन वस्तू एकसारख्या नाहीत. मी म्हणालो, हे स्वयंपाकघर आहे की भंगाराचं गोडाऊन? आणि चोवीस डबे आणले, सगळे एका मापाचे, सगळ्यांना एकसारखी झाकणं. वर्षाकडून चिठ्ठ्या छापून घेतल्या. मीठ, साखर, रवा, मैदा, बारीक काळ्या अक्षरांत, सुबक. ओट्याच्या वरच्या भिंतीवर झारा, उलथनं, सांडशी, लाटणं यांच्या आकृत्या रंगवल्या. वस्तू उचलली की तिची आकृती मागे दिसते, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच कळतं. कंपनीत पान्यांसाठी करतात तसं. तू ते पाहून खरंच हसलीस. "माझी नाही काढली ती?" असं विचारलंस, कंबरेवर हात ठेवून, ओट्यापाशी नेहमी उभी राहतेस तशी उभी राहून.

फक्त एकदा तू अडवलंस मला. भंगारवाला खाली हाक मारत होता आणि मी पोतं घेऊन निघालो होतो. तू म्हणालीस, "तो पोच्याचा डबा तरी राहू द्या."

"पोचा पडलेला डबा कशाला हवाय घरात?"

"मला त्यातली साखर बरोबर सापडते."

मी हसलो. म्हणालो, "साखर चिठ्ठीवर लिहिलेली आहे, तीही सापडेल." आणि जिना उतरलो. तुझ्या आईचा डबा होता, आठवण म्हणून हवा असेल, असंही माझ्या मनात आलं नाही. आणि तू जे म्हणालीस तेच तुला म्हणायचं होतं, हे तर कसं येणार? किती सरळ सांगितलं होतंस तू. मी ते वाक्य आता दिवसातून दहादा आठवतो आणि दर वेळी मी पोतं खाली ठेवतो. पण भंगारवाला केव्हाच गेलेला असतो.

मग तुझ्या चुका सुरू झाल्या. जिच्या हातून असं कधी झालं नव्हतं, त्या बाईच्या. शिऱ्यात रव्याच्या जागी तांदळाचं पीठ. आमटीत गरम मसाल्याऐवजी चहाची पावडर, ती वाटी मी ओतून दिली आणि दिवसभर त्यावर बोललो. मला वाटलं तू मुद्दाम करतेस, माझी पद्धत हाणून पाडायला. कंपनीत जुने कामगार करायचे तसं. नंतर वाटलं, तुझं लक्ष नसतं. नंतर भीती वाटायला लागली की तू विसरायला लागली आहेस. मी वर्षाला फोनवर म्हणालो, आईला एकदा मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला पाहिजे. तू आतून म्हणालीस, "मेंदू जागेवर आहे माझा, तेवढा तुम्ही हलवला नाही." वर्षा तिकडे खदखदून हसली. मीही हसलो. तू हसलीस की नाही ते मी बघितलं नाही.

आणि मग ती आखाजी.

मागच्या वर्षीची. माझ्या घरी अक्षय्य तृतीया म्हणजे आंब्याचा पहिला रस, बस. तुझ्या नामपूरकडे आखाजी म्हणजे माहेरवाशिणींची दिवाळी, झोके, गाणी, पितरांच्या नावानं भरलेली घागर आणि खापरावरचे मांडे. लग्नानंतर पहिल्या आखाजीला तू माळ्यावरून ते काळं खापर काढलंस, पालथं घातलंस आणि हातावर पुरणाचा मांडा असा फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा केलास की मी पाणी पिता पिता थांबलो. लाटणं नाही, पोळपाट नाही, नुसते दोन हात. मी तेव्हापासून म्हणायचो, आमच्या कंपनीत एवढी मशिनं आहेत, पण हे कुणाच्या बापाला जमणार नाही. तुला ते ऐकायला आवडायचं. तू लाजून अहिराणीत काहीतरी पुटपुटायचीस.

मागच्या आखाजीला वर्षाच्या सासरचे आले होते. मांडे नेहमीसारखे झाले. त्यात चिठ्ठी लागत नव्हती ना, ते हातांचं काम होतं. रसाला साखर कमी पडली म्हणून तू पटकन आत गेलीस, डबा घेतलास, चार चमचे घातलेस आणि वाट्या भरल्यास. व्याह्यांनी पहिला घोट घेतला. मग विहीणबाईंनी. सभ्य माणसं ती, वाटी हळूच खाली ठेवली. मी चव घेतली. समुद्राचं पाणी.

ओशाळवाणं झालं मला, आणि त्या ओशाळलेपणात मी तुला जे म्हणालो ते विसरलं जाईल असं वाटलं होतं, पण आता ते लिहून ठेवलंच पाहिजे. सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढ्या चिठ्ठ्या लावल्यात. वाचता येत नाही का?"

तू पदराला हात पुसत म्हणालीस, "नाही येत."

सगळे हसले. जेवण सावरलं एकदम. व्याही म्हणाले, वहिनींचा विनोद भारी. तूही हसल्यासारखं केलंस आणि वाट्या उचलून नेल्यास. मला तुझा रागच आला होता, की चार लोकांत उलटून बोललीस. दोन दिवस मी अबोला धरला. खापर धुऊन तू माळ्यावर ठेवलंस. मी त्याच्याखाली चिठ्ठी लावली होती, "खापर, वर्षातून एकदा". परवापर्यंत होती.

त्यानंतर रबरं सुरू झाली. कोथिंबिरीच्या जुडीची रबरं, वर्तमानपत्राची रबरं, तू कुठे कुठे जपून ठेवायचीस. दाराच्या कड्यांना अडकवलेली असायची. ती आता डब्यांवर दिसायला लागली. एखाद्या डब्याला एक, एखाद्याला दोन, एखाद्याला तीन, काही बोडकेच. रविवारी मी तपासणीला आलो की सगळी काढायचो. डबे पुसायचो, ओट्याच्या कडेला आणि भिंतीला तुझ्या बोटांचे तेलकट ठसे उमटलेले असायचे ते साबणानं घासायचो आणि ती सगळी रबरं पंचविसाव्या डब्यात टाकायचो. त्याला चिठ्ठी लावली, "रबर". मंगळवारपर्यंत पुन्हा डब्यांवर रबरं. रविवारी पुन्हा काढ. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना मी हा किस्सा रंगवून सांगायचो. आमच्याकडे नवरा-बायकोत रबराचं युद्ध चालू आहे म्हणायचो. बघू कोण दमतंय.

तू दमलीस. दिवाळीनंतरच्या एका रविवारी एकाही डब्यावर रबर नव्हतं. मी खरंच खूश झालो, शोभा. मित्रांना सांगितलं, जिंकलो.

आणि मग जे चार महिने आले ते माझे सगळ्यात सुखाचे महिने होते. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. तू मला हाका मारायला लागलीस. "अहो, जरा मीठ देता?" "अहो, मोहरी." "हळद द्या बरं, नाही, पाव चमचाच काढा." आधी मी कुरकुरायचो, हात पुढे करायला काय होतं म्हणायचो. मग सवय झाली. पेपर बाजूला ठेवून मी अकराच्या सुमाराला आपण होऊनच ओट्यापाशी येऊन उभा राहायचो. मी डबे द्यायचो, तू फोडणीचा आवाज ऐकून सांगायचीस, आता कांदा, आता थांबा, आता तिखट. मी विचारलं, हे कसं कळतं? तू म्हणालीस, "तडतडायचं थांबलं की मोहरी झाली. बघायचं कशाला?" एवढ्या वर्षांत मी आणि तू इतका वेळ एकत्र उभे राहिलो नव्हतो. मला पहिली पाळी असायची तेव्हा तू साडेचारला उठून डबा करायचीस, आणि तो भरलेला डबाच मला माहीत होता. लागोपाठ दोन दिवस एक भाजी कधी आली नाही. अख्खी शिफ्ट तुझ्या ठेच्यासाठी माझ्या टेबलाशी जमायची. तो डबा कसा होतो ते मी या चार महिन्यांत पाहिलं. आज मी जो काही वरण-भात करून खातो तो त्या चार महिन्यांवर चाललाय. त्याबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. कसे मानू तेच कळत नाही.

दुपारी तू म्हणायचीस, पेपर वाचून दाखवा. मी वाचायचो, अग्रलेखसुद्धा. मला वाटायचं तुला माझा आवाज आवडतो. टीव्ही तू डोळे मिटून ऐकायचीस, मी म्हणायचो झोपलीस. सोसायटीच्या भिशीला जाणं बंद केलंस, गुडघ्याचं कारण सांगून. आणि दर तीन महिन्यांनी नामपूरला लताकडे. त्यावरून तर आपलं भांडण कधी संपलंच नाही. मी म्हणायचो, साठी आली तरी माहेर सुटेना, काय ठेवलंय तिथं कांद्याच्या मार्केटशिवाय? तू म्हणायचीस, बहीण ठेवलीये. एकदा मी तुला बसस्टँडला सोडायलासुद्धा आलो नाही. रिक्षानं गेलीस. गर्दीच्या त्या स्टँडवर तू नामपूरला जाणारी सटाण्याची गाडी कशी शोधली असशील? पाटी कुणाकडून वाचून घेतली असशील? मी तेव्हा घरी बसून टोस्ट खात होतो आणि तुझ्यावर चिडलो होतो.

त्या सकाळचं मी लिहीत नाही. दूध तापत होतं, ते उतू गेलं, आणि मी आधी गॅस बंद करायला धावलो, मग तुझ्याकडे. एवढंच. डॉक्टर म्हणाले काही फरक पडला नसता. त्यांनी सांगितलं म्हणून मी मानतो.

लता तेराव्यानंतरही थांबली. चौदाव्या दिवशी तिनं पदर खोचला, म्हणाली आज मी भाजी करते. आत गेली. मी टेबलापाशी बसलो होतो. तिनं डब्यांच्या फळीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि मागे वळून म्हणाली,

"दाजी, डबासवरना रबरं कोठे गयात?"

"काढून ठेवली. का?"

"का काढात? त्यासवरच तं तिनं चालत व्हतं."

मला कळेना. मी म्हणालो चिठ्ठ्या आहेत की. लता ओट्यापासून बाहेर आली. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि मला समजावं म्हणून सावकाश बोलायला लागली. "दाजी, तिले दिसत नव्हतं. काचबिंदू. कडेकडेनं गेलं आधी, मंग मधलं बी पुसट. दोन-अडीच वर्षं झाली. सटाण्याच्या डॉक्टरकडे मीच नेत होते ना तिले, तीन-तीन महिन्याले. तुमले खरंच म्हाईत नव्हतं?"

"मला का नाही सांगितलं?"

लता पदर नीट करू लागली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "सांगितलं तर गॅसले हात लावू देणार नाहीत म्हने. खुर्चीत बसवून ठेवतील म्हने मले."

मी रागानं म्हणणार होतो की मी असा आहे का? ते म्हणायची सोय नव्हती. कारण मी तसाच आहे, शोभा. तुला पुरतं माहीत होतं. तू सांगितलं असतंस तर त्याच दिवशी मी गॅसचा कॉक काढून घेतला असता, दुपारी डबा देणारी बाई शोधली असती, भिंतीवर सूचना चिकटवली असती आणि सगळ्यांना सांगत फिरलो असतो की मी बायकोची किती काळजी घेतो. तुझ्याकडून ओटा गेला असता. तू अंधारात हात पोळून घेणं पत्करलंस, पण मला सांगणं पत्करलं नाहीस. एकतीस वर्षं मी केसाएवढा फरक शोधत होतो आणि घरात माझी बायको भिंत धरून चालत होती, तर मी भिंतीवरचे ठसे पुसत होतो.

तुझे डोळ्यांत घालायचे थेंब कुठे होते ते नंतर कळलं. देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्यामागे, छोटी बाटली. अख्ख्या घरात तेवढीच जागा होती जिला मी चिठ्ठी लावली नव्हती. तू बरोबर ओळखलं होतंस की मी तिथं हात घालणार नाही. रोज सकाळी तू देवापुढे डोळे मिटून मान वर करून बसायचीस, मला वाटायचं भक्ती वाढली.

मी लताला विचारलं, कुठल्या डब्याला किती रबरं होती? तिला आठवेना. म्हणाली, "मिठले दोन, तितलं माले म्हाईत शे. बाकीनं तिलेच म्हाईत." वर्षाला विचारलं, ती तर रडायलाच लागली. मग मी तो डबा उघडला, "रबर" लिहिलेला. गच्च भरलाय. लाल, निळी, पिवळी, काही सुकून तुटलेली. सहा महिने दर रविवारी मी तुझ्या डोळ्यांना काढून काढून त्यात टाकत होतो. सगळी जपून ठेवली आहेत, एकही हरवलेलं नाही, आणि एकाचीही जागा मला माहीत नाही.

मिठाला दोन लावली. बाकीचे तेवीस डबे तसेच आहेत.

कधी वाटतं तुझ्यावर रागवावं. तू एकदा तरी ओरडायला हवं होतंस, डबे फेकायला हवे होते अंगावर. अहिराणीत, जोरात, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं. तू रबरं लावत राहिलीस. मी काढली की पुन्हा लावलीस. काही न बोलता किती रविवार गेले, मोजायची माझी छाती नाही. आणि दिवाळीनंतर जेव्हा तू ती लावणं सोडलंस आणि मला हाक मारलीस, तेव्हा ते तुला किती जड गेलं असेल? की थोडं बरंही वाटलं असेल, मी शेजारी उभा होतो म्हणून? हे मला विचारायचं राहिलं. त्या चार महिन्यांतलं सुख एकट्या माझंच होतं की त्यात तुझाही थोडा वाटा होता, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं.

पुढच्या आठवड्यात आखाजी आहे. लता जाताना सांगून गेली, "आखाजीले तिनी घागर भरनी पडी." मांडे तीच घेऊन येणार आहे, नामपूरहून, स्वतः करून. खापर मी उतरवलं, पुसून ठेवलं, त्याच्याखालची चिठ्ठी काढली. रस मात्र मी करणार आहे. लताला सांगितलंय, त्याला कुणी हात लावायचा नाही.

त्यासाठी रोज दुपारी सराव करतो. ओट्यापाशी तुझ्या जागेवर उभा राहतो आणि डोळे मिटतो. फळीवर हात नेतो. चोवीस डबे, सगळे थंड, सगळे गुळगुळीत, सगळे एकसारखे. वजनावरून ओळखायचा प्रयत्न केला, नाही जमत. हलवून आवाज ऐकला, रवा आणि साखर सारखीच वाजते. त्या पितळी डब्याचा पोचा हाताला लागला असता तर डोळे मिटूनही साखर सापडली असती. तू म्हणाली होतीस तसं.

मिठाच्या डब्यावरची ती दोन रबरं काल मी सरावासाठी काढून ठेवली. तुला दिवाळीनंतर जसं करावं लागत होतं तसं करून बघावं म्हणून, फक्त हाक मारायला कोणी नाही. डोळे मिटून चहा टाकला. पावडर अंदाजानं सापडली, तिला वास आहे. मग साखर म्हणून एक डबा घेतला, दोन चमचे घातले, गाळला, आणि तू बसायचीस त्या खुर्चीवर बसून पहिला घोट घेतला.

मीठ होतं.

थुंकायला उठलो होतो, शोभा. पण उठता उठता आखाजीच्या दिवशीच्या त्या वाट्या आठवल्या, त्या उचलून नेतानाची तुझी पाठ आठवली, आणि पुन्हा खाली बसलो. घोट घोट करत सगळा कप संपवला. मध्ये डोळे उघडले नाहीत. मग चाचपडत मोरीपर्यंत गेलो, भिंतीला बोटं लावत, आणि कप विसळून ठेवला. जागेवर ठेवला की नाही, ते मी अजून पाहिलेलं नाही.